ओपनसीसपाय रिव्ह्यू: स्टील ब्रेस्ड फ्रेमच्या सायक्लिक मॉडेलिंगला कसं आहे

आधी निकाल सांगून टाकतो. ब्रेस, म्हणजे फ्रेमला ताठ ठेवणारा तिरका मेंबर, बकल झाल्यावर, म्हणजे दाबाखाली वाकून बाहेर फुगल्यावर, पुढे काय होतं हे ज्याला खरंच बघायचंय त्याच्यासाठी ओपनसीस पाचापैकी साडेचार. ज्याला सोमवारी ड्रॉइंग द्यायचंय आणि क्लायंटचा फोन दर तासाला येतोय त्याच्यासाठी पाचापैकी एक, तोही फुकट मिळतं म्हणून. मी पुण्यात कर्वे रोडच्या एका छोट्या स्ट्रक्चरल ऑफिसात काम करतो, आमचं बरंचसं काम चाकण-तळेगाव पट्ट्यातलं, शेड, पाइप रॅक, मशीनचे प्लॅटफॉर्म, मधूनच एखादी चार-पाच मजली स्टीलची बिल्डिंग. त्यामुळे हा रिव्ह्यू रिसर्चवाल्याचा नाहीये, ज्याला शेवटी फॅब्रिकेटरशी बोलायचं असतं त्याचा आहे.

ओपनसीस म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीत, पीअर नावाच्या भूकंप संशोधन केंद्रातून आलेलं हे सॉफ्टवेअर, मुळात फ्रँक मॅकेना यांच्या १९९७ च्या पीएचडीतून निघालं. आधी टीसीएल भाषेत इनपुट लिहावं लागायचं, आता पायथॉनमधून चालवता येतं, त्यालाच ओपनसीसपाय म्हणतात, आणि नवीन माणसाने सरळ तेच घ्यावं, टीसीएलच्या नादी लागू नये. स्वतःच्या कामाला वापरायला एक पैसा लागत नाही, फक्त ते आपल्या सॉफ्टवेअरमधे घालून विकायचं असेल तर बर्कलीची परवानगी घ्यावी लागते. इन्स्टॉल करायला पिपची एक ओळ, पण पायथॉनचं व्हर्जन जुळलं पाहिजे नाहीतर इम्पोर्टलाच बोंब.

आता एवढा खटाटोप कशासाठी. आपल्याकडे ब्रेस्ड फ्रेमचं डिझाइन कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, ईटॅब्स किंवा स्टॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमधे मॉडेल, भूकंपाचा कोड आयएस १८९३ च्या २०१६ च्या भागाप्रमाणे पुणे झोन ३ म्हणून झोन फॅक्टर ०.१६, भूकंपाचा फोर्स ज्याने भागतात तो आर, फ्रेम साधी असेल तर ४ आणि स्पेशल असेल तर ४.५, बेस शिअर, स्पेक्ट्रम, सगळे मेंबर हिरवे दिसले की प्रिंट. यात चूक काही नाही, कोडच तसं सांगतो. पण आर ४ ने भागलं याचा अर्थ काय तर जोरात हललं की ब्रेस वाकणार आणि ताणला जाणार हे आपण आधीच कबूल केलंय, म्हणजे भूकंपात जे व्हायचंय ते सगळं आपल्या लिनिअर मॉडेलच्या (ज्यात काहीच कायमचं वाकत नाही) बाहेर होणार, आणि त्या बाहेरच्या गोष्टीबद्दल हिरवा रंग काहीच सांगत नाही. "पुण्यात कुठे येतो भूकंप" असं म्हणणारे भेटतातच, त्यांनी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या पहाटेबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

बाकीच्या मेंबरचं एकवेळ ठीक आहे. बीम यील्ड झाला, म्हणजे कायमचा ताणला-वाकला, तर दोन्ही बाजूंना साधारण सारखाच वागतो. ब्रेस तसा नाही. ताणात पूर्ण यील्डपर्यंत जातो, दाबात त्याच्या आधीच बकल होऊन बाहेर फुगतो, आणि एकदा फुगला की तो पहिल्यासारखा सरळ परत कधीच होत नाही. पुढच्या सायकलला तोच ब्रेस दाबात आधीपेक्षा कमी घेतो, त्याच्या पुढच्या सायकलला अजून कमी. हे सगळं मॉडेलमधे यायला हवं, आणि ओपनसीसचा खरा जोर इथेच आहे, कारण इथे बकलिंग तुम्ही आकडा म्हणून टाइप करत नाही, ते भूमितीतून आपोआप येतं.

एक ब्रेस घेऊन सांगतो म्हणजे कळेल. १०० बाय १०० बाय ५ चा स्क्वेअर पाइप, आयएस ४९२३ चा, वायएसटी ३१० ग्रेड. मजल्याची उंची ३.२ मीटर, बे ४ मीटर, वर्कपॉइंट (सेंटर लाइन मिळतात ते बिंदू) ते वर्कपॉइंट ५.१ मीटर येतं आणि दोन्हीकडचे गसेट, म्हणजे ब्रेसला फ्रेमशी जोडणाऱ्या प्लेटा, वजा केले की पाइपची मोकळी लांबी ४.५ मीटर धरा. रेडियस ऑफ गायरेशन ३८ मिलिमीटरच्या थोडं वर, म्हणजे स्लेंडरनेस (लांबी भागिले तो रेडियस) ११७ च्या आसपास, साध्या ब्रेस्ड फ्रेमला स्टीलच्या कोडची, आयएस ८०० ची, मर्यादा १२० आहे त्यात कसाबसा बसतो. यील्डला ५७० किलोन्यूटन, पण ऑयलरच्या सूत्राने बकलिंगचा आकडा २६५ च्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याच्याही खाली. म्हणजे दाबातली ताकद ताणाच्या निम्मीसुद्धा नाही. हे पहिल्या धक्क्याचं झालं, नंतरचं तर सोडूनच द्या.

ओपनसीसमधे हा पाइप करायची पद्धत अशी. सेक्शनचे फायबर, म्हणजे बारीक-बारीक भाग, पाडायचे, प्रत्येक फायबरला स्टील०२ मटेरियल द्यायचं, हे जिउफ्रे-मेनेगॉटो-पिंटोचं मॉडेल, यात बाउशिंगर इफेक्ट नीट येतो, म्हणजे उलट लोडिंगला वळण टोकदार न येता गोलाई घेऊन येतं. ती गोलाई ठरवणारा आरझिरो १० ते २० च्या मधे कुठेतरी, बाकीचे दोन आकडे ०.९२५ आणि ०.१५, हे डॉक्युमेंटेशनमधेच दिलेत आणि शक्यतो त्यांना हात लावू नये. मग ब्रेसचे लांबीत तुकडे करायचे, निदान दोन, मी चार-सहा करतो, मधला नोड (तुकडे जुळतात तो बिंदू) हवाच कारण प्लास्टिक हिंज, म्हणजे कायमचं वळण, तिथेच येणार. एलिमेंट फोर्सबीमकॉलम, आणि जिऑमेट्रिक ट्रान्सफॉर्मेशन कोरोटेशनल, म्हणजे ब्रेस वाकला की हिशोब वाकलेल्या आकारावर होतो. इथे कुणी लिनिअर ठेवलं तर ब्रेस दाबात सुद्धा मस्त ५७० किलोन्यूटन घेत बसतो, ग्राफ इतका देखणा येतो की बघणारा खूश होतो, आणि तो पूर्ण खोटा असतो.

आणि कॅम्बर. मधला नोड थोडा बाहेर सरकवावा लागतो, लांबीच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याच्या निम्मा, इथे ४.५ मिलिमीटर. हे विसरलं तर ब्रेस अगदी नाकासमोर सरळ राहतो, कॉम्प्युटरच्या जगात त्याला वाकायला काही कारणच नसतं म्हणून तो वाकतच नाही. कुठलाही वॉर्निंग मेसेज येत नाही. आमच्याकडे एमटेक करून आलेली एक मुलगी जॉइन झाली तेव्हा तिने कुठल्याशा ऑनलाइन क्लासमधून मिळालेली रेडिमेड फाइल आणली होती, त्यात ट्रान्सफॉर्मेशन बरोबर, फायबर बरोबर, फक्त कॅम्बर नव्हता. "सर, क्लासमधे हेच चालवून दाखवलं," म्हणाली. क्लासचं नाव घेत नाही पण वीकेंडचे हजारो रुपये घेऊन ही गोष्ट सांगत नसतील तर कमाल आहे. तिला म्हटलं, "अगं, मधला नोड साडेचार मिलिमीटर हलव आणि परत रन कर," आणि दाबाचा पीक धाडकन निम्म्याच्या खाली आला. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती.

कॅम्बर किती द्यायचा यावर लोक फार भांडतात, माझं मत असं की पहिल्या बकलिंगचा आकडा त्यावर बराच हलतो पण पुढच्या सायकलमधे फारसा फरक पडत नाही, कारण पहिल्यांदा वाकल्यावर ब्रेसमधे जो कायमचा बाक राहतो तो या साडेचार मिलिमीटरपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे द्या आणि पुढे चला.

आता लूप, म्हणजे ब्रेसमधला फोर्स आणि टोकाचं सरकणं यांचा ग्राफ, बघायची मजा. डिस्प्लेसमेंट कंट्रोल लावून ब्रेसचं टोक मागे-पुढे करायचं, आधी छोट्या सायकल, मग मोठ्या. दाबायला सुरुवात केली की रेघ सरळ वर जाते, एका जागी टोक येतं आणि मग फोर्स उतरायला लागतो, लांबी कमी होतेय तरी फोर्स कमीच होत जातो. उलट फिरवलं की लगेच ताण येत नाही, आधी तो वाकलेला पाइप सरळ व्हायला लागतो, त्या भागात रेघ लोळते, मग पाइप ताठ झाला की एकदम चढते आणि यील्डला जाते. परत दाबलं की या वेळचं टोक आधीपेक्षा बुटकं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वाटलं की पुस्तकातला ग्राफ आपल्या लॅपटॉपवर आला, आणि सगळं मिळून काही सेकंदात.

यातून मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट मात्र लूप नाहीये, मधल्या नोडचं बाहेरचं डिस्प्लेसमेंट आहे. १ टक्का ड्रिफ्ट (उंचीच्या प्रमाणात मजल्याचं आडवं सरकणं) म्हणजे या मजल्याला ३२ मिलिमीटर, त्यातलं ब्रेसच्या दिशेने साधारण २५ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ. पण २५ मिलिमीटर आखूड होण्यासाठी ४.५ मीटरचा पाइप मधोमध सुमारे २० सेंटीमीटर बाहेर येतो. २० सेंटीमीटर! आणि आपल्याकडे ब्रेसला खेटून काय असतं, तर वीटकाम, नाहीतर केबल ट्रे, नाहीतर काचेचं पार्टिशन. एका क्लायंटला हे सांगितलं तर ते म्हणाले, "साहेब, बिल्डिंग उभी राहणार ना, मग या वळवळणाऱ्या ग्राफचं मी काय करू?" त्यांना ग्राफ बाजूला ठेवून पट्टी हातात घेऊन भिंतीपासून २० सेंटीमीटर मोजून दाखवले, आणि म्हटलं तुमचा इलेक्ट्रिकल पॅनल बरोबर इथे लावलाय. पॅनल हलला. त्या एका गोष्टीत या फुकट सॉफ्टवेअरने पैसे वसूल केले असं मी म्हणेन.

पुढचा भाग फटीगचा, म्हणजे परत परत वाकून थकण्याचा. ब्रेस अनंत वेळा वाकत नाही, मधल्या हिंजला क्रॅक जाऊन तुटतो. त्यासाठी स्टील०२ च्या वर फटीग नावाचं मटेरियल पांघरायचं, ते प्रत्येक फायबरचा स्ट्रेन, म्हणजे लांबीतला बदल, मोजत बसतं, सायकल मोजून कॉफिन-मॅन्सनच्या (किती स्ट्रेनला किती सायकल टिकेल त्या) हिशोबाने डॅमेज जमा करतं आणि १ झालं की तो फायबर मेला. कडेचे फायबर आधी जातात मग आतले, आणि ताणाचा फोर्स पायऱ्या-पायऱ्यांनी कोसळतो. दिसायला एकदम खरं. डिफॉल्ट आकडे ०.१९१ आणि उणे ०.४५८. आता हे आकडे आले कुठून, तर युरोपियन स्टील सेक्शनच्या टेस्टवरून. आपल्या भोसरीच्या गोडाउनमधल्या कोल्ड फॉर्म्ड पाइपशी त्यांचा संबंध किती हे तुम्हीच ठरवा. मी डिफॉल्टवर रन करतो, मग दोन्ही बाजूंना आकडे हलवून परत करतो आणि ब्रेस अमुक सायकलला तुटेल असं कुणालाही लिहून देत नाही, फक्त कुठला ब्रेस आधी जाईल एवढंच बघतो. तेवढ्याला चांगलं आहे.

इथे एक मोठी गोम आहे आणि ती नीट सांगायला हवी. फायबर मॉडेलमधे सेक्शन आपला आकार बदलत नाही. खरा स्क्वेअर पाइप तुटतो कसा, तर मधल्या हिंजपाशी त्याची दाबातली भिंत आधी आत चेपते, कोपऱ्याला फुगवटा येतो, तिथे स्ट्रेन गोळा होतो आणि उलट ताण आला की कोपऱ्यापासून चीर पडते. हे चेपणं ओपनसीसच्या ब्रेसमधे नाहीच, फटीगच्या आकड्यांत ते कसंबसं आडून येतं. म्हणून पाइप जितका पातळ तितका हा रिझल्ट जास्त आशावादी. आमचा १०० बाय ५ चा पाइप घ्या, कोपरे वजा करून रुंदी भागिले जाडी १७ येते. अमेरिकेच्या एआयएससी ३४१ च्या २०१० च्या आवृत्तीने जास्त डक्टाइल (न तुटता बराच वाकणाऱ्या) ब्रेसला या ग्रेडला साधारण १४ च्या आत ठेवलंय. आणि आपल्या आयएस ८०० च्या टेबल २ मधे बेंडिंगच्या हिशोबाने हाच पाइप प्लास्टिक सेक्शनमधे आरामात बसतो. म्हणजे आपल्या कोडने पास, सॉफ्टवेअरने पण छान लूप दिली, आणि तरी खऱ्या टेस्टमधे लवकर फाटेल अशी दाट शक्यता. चेपणं बघायचंच असेल तर पाइपच्या भिंतीच मॉडेल करणारे शेल एलिमेंट घेऊन अबॅकससारखं सॉफ्टवेअर लागतं, तो वेगळाच संसार आहे.

टेस्टशी ताडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका हे मी सगळ्यांना सांगतो. १९८० चा बर्कलीचा ब्लॅक, वेंगर आणि पोपोव्ह यांचा रिपोर्ट आहे, २४ स्ट्रट सायक्लिक लोडखाली टेस्ट केलेत, त्यातला तुमच्या सेक्शनच्या जवळचा एक उचला आणि तोच मॉडेल करा. लूप शंभर टक्के जुळणार नाही पण दाबाचे पीक कसे उतरत जातात ते जुळलं पाहिजे. एक संध्याकाळ जाते, पण त्याशिवाय पूर्ण फ्रेमला हात लावणं म्हणजे अंधारात तीर.

गसेटचा विषय निघाला की मला बोलायला जास्तच आवडतं. ब्रेसच्या टोकाला पिन (मोकळं फिरणारं) धरायची का फिक्स (अजिबात न फिरणारं) धरायचं? पिन धरली तर स्लेंडरनेस ११७, पूर्ण फिक्स धरलं तर ५८, आणि दोन्हीत बकलिंग फोर्समधे जवळजवळ दुपटीचा फरक. खरं उत्तर मधे कुठेतरी, आणि वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या शियाओ, लेहमन आणि रोडर यांनी त्यासाठी साधी पद्धत दिली आहे, टोकाला एक रोटेशनल स्प्रिंग टाकायचा ज्याची स्टिफनेस गसेटची जाडी, व्हिटमोर रुंदी (प्लेटचा फोर्स घेणारा पट्टा) आणि प्लेटची सरासरी मोकळी लांबी यातून काढायची. ओपनसीसमधे तो झिरोलेंथ एलिमेंटने पाच मिनिटांत होतो. जाडीचा घन येतो त्यामुळे १० ची प्लेट १२ केली तरी स्प्रिंग चांगलाच कडक होतो, हे मॉडेलमधे बदलून बघितलं की डोक्यात पक्कं बसतं.

पण हे सगळं कधी खरं, जेव्हा साइटवर गसेटला वळायला जागा असेल. ब्रेसचं टोक आणि प्लेटची फोल्ड लाइन, म्हणजे प्लेट जिथे वळणार ती रेघ, यात प्लेटच्या जाडीच्या दुप्पट मोकळी पट्टी लागते, म्हणजे १० च्या प्लेटला २० मिलिमीटर. भोसरीतले आमचे फॅब्रिकेटर, हाडाचे कारागीर, त्यांना ती पट्टी बघवत नाही. "साहेब, एवढी प्लेट उघडी कशाला ठेवायची, पाइप आत घेतो ना, वेल्डिंग पण वाढेल, मजबूत होईल." मी म्हटलं, "दादा, मजबूतच नकोय मला तिथे, वळायला पाहिजे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की साहेबांची तब्येत बरी नाहीये. मग लॅपटॉप उघडून दोन्ही केस दाखवल्या, स्प्रिंग ठेवून आणि टोक फिक्स करून. फिक्स केल्यावर बकलिंगचा फोर्स वाढलेला दिसला तर ते लगेच म्हणाले, "बघा, वाढलाच की!" आता आली का पंचाईत. कारण फिक्स टोकाला वळायला गेलं की सगळा त्रास गसेटच्या वेल्डवर येतो आणि ते वेल्डचं फाटणं आपल्या या मॉडेलमधे नाहीच, तिथे एक निर्जीव फिक्सिटी आहे जी कधीच तुटत नाही. सॉफ्टवेअर तिथे फॅब्रिकेटरच्या बाजूने बोलतं. शेवटी ड्रॉइंगवर २० मिलिमीटर लाल पेनाने गोल करून दिलं.

आता तक्रारी, आणि त्या भरपूर आहेत.

पहिली, विंडो नावाचा प्रकारच नाही. मॉडेल दिसत नाही, नोड नंबर, कोऑर्डिनेट, सगळं मजकुरात, कॉलम उलटा टाकला तरी कळत नाही. चित्र काढायला ऑप्सव्हिस नावाची पायथॉन लायब्ररी आहे ती लगेच घाला, किंवा पैसे असतील तर एसटीकेओ. दुसरी, युनिटचं त्याला काही देणंघेणं नाही. न्यूटन आणि मिलिमीटरमधे काम करताना मास टनमधे द्यावं लागतं, कुणी किलोमधे दिलं की टाइम पीरियड तीसपटीने वर जातो आणि प्रोग्रॅम गप्प. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे हे एक्सेलमधे आधी हाताने तपासावं.

तिसरी आणि मोठी, कन्व्हर्जन्स, म्हणजे प्रत्येक स्टेपचा हिशोब उत्तरावर येऊन थांबणं. ब्रेस बकल व्हायच्या क्षणी आणि सरळ व्हायच्या क्षणी मॉडेलची स्टिफनेस अशी काही बदलते की उत्तर शोधायची साधी न्यूटन पद्धत हात टेकते. रात्री रन लावून झोपलात की सकाळी स्क्रीनवर फेल टू कन्व्हर्जच्या ओळींची माळ. उपाय आहेत, आधी न्यूटन, मग लाइन सर्च, मग क्रायलोव्ह न्यूटन, तरी नाही झालं तर स्टेप निम्मी करून परत, हे सगळं पायथॉनच्या लूपमधे स्वतः लिहायचं. एकदा लिहिलं की कायमचं कामाला येतं, पण ते लिहीपर्यंत शिव्या बाहेर पडतात. आणि इथे एक फसवी जागा आहे, अॅनलाइज कमांड फेल झाली तर ती उणे आकडा परत देते, तो तपासला नाही तर स्क्रिप्ट बिनधास्त पुढे पळत राहते आणि शेवटी फाइल तयार, ग्राफ तयार, मधल्या स्टेप झाल्याच नाहीत. टॉलरन्स सैल करून गाडी ढकलणारेही बघितलेत, त्यांचे ग्राफ फार गुळगुळीत येतात.

पूर्ण फ्रेमबद्दल थोडक्यात, कारण ब्रेस नीट झाला की बाकी सोपं आहे. शेव्हरॉन म्हणजे उलट्या व्हीची फ्रेम असेल तर हे अॅनालिसिस जरूर करा. एका बाजूचा ब्रेस ताणात साडेपाचशेच्या वर, दुसऱ्या बाजूचा बकल होऊन शंभरच्या आत, आणि त्या दोघांमधला उभा फरक बीमला मधोमध खाली ओढतो. लिनिअर मॉडेलमधे हा फोर्स दिसतच नाही कारण तिथे दोन्ही ब्रेस इमानदारीत सारखं वाटून घेतात. बीम हलका असेल तर ओपनसीसमधे त्याच्या पोटात हिंज आलेला स्पष्ट दिसतो, आणि एकदा आला की ताणातला ब्रेससुद्धा यील्डला पोचत नाही. लीनिंग कॉलम, म्हणजे बाकीच्या बिल्डिंगचं वजन घेणारा खोटा कॉलम, टाकायला विसरू नका, नाहीतर पी-डेल्टा, म्हणजे बिल्डिंग कलल्यावर वजनाने येणारा जादा परिणाम, अर्धाच येतो. टाइम हिस्टरी, म्हणजे खऱ्या भूकंपाची नोंद लावून रन, करायची तर रेले डॅम्पिंग (हालचाल शमवणारा हिशोब) सुरुवातीच्या स्टिफनेसवर लावताना सांभाळून, बकल झालेल्या ब्रेसमधे खोटा डॅम्पिंग फोर्स तयार होतो आणि बिल्डिंग उगाच शांत दिसते.

लोडिंग कुठलं द्यायचं हा नेहमीचा प्रश्न. मी स्टॅटिक सायक्लिकला सॅक या अमेरिकन स्टील संशोधन प्रकल्पाचा प्रोटोकॉल वापरतो, ०.३७५ टक्के ड्रिफ्टच्या सहा सायकलपासून सुरू होऊन ४ टक्क्यांच्या दोन सायकलपर्यंत. तो मुळात मोमेंट फ्रेमच्या जॉइंटसाठी होता आणि ब्रेस एवढ्या लांब टिकत नाही, पण दोन डिझाइनची तुलना करायला एक ठरलेला क्रम असला की बरं पडतं.

पैसे देऊन मिळणाऱ्यांशी तुलना केली तर प्रामाणिकपणे सांगायचं झालं तर ईटॅब्स आणि सॅपमधेही हे होतं. ब्रेसला एएससीई ४१ या अमेरिकन स्टँडर्डचा हिंज ऑटोमॅटिक लागतो, पुशओव्हरला (बिल्डिंग एकाच दिशेने ढकलत नेणं) ते पुरतं आणि रिपोर्ट छापून देता येतो, सरकारी कामाला तोच दाखवावा. त्यात दाबातली ताकद आणि तिची उतरण टेबलवरून येते, तुमचा गसेट, तुमचा कॅम्बर त्यात थेट शिरत नाही. पाहिजे तर तिथेही ब्रेसचे तुकडे करून फायबर हिंज आणि लार्ज डिस्प्लेसमेंट लावता येतं, पण प्लेटची जाडी बदलून, लांबी बदलून, ग्रेड बदलून पन्नास केस चालवायच्या तर माउसने क्लिक करत बसायला वेळ कुणाला आहे, इथे पायथॉनच्या एका फॉर लूपमधे ते काम जेवणाच्या सुट्टीत होतं. माझ्यासाठी ओपनसीस जिंकतं ते इथे.

डॉक्युमेंटेशन ठीकठाक, कमांडची माहिती आहे पण का आणि केव्हा हे स्वतः शोधायचं. पायथॉन बऱ्यापैकी येत असेल तर ब्रेसची पहिली खरी लूप यायला दोन-तीन वीकेंड धरा. पायथॉन येत नसेल तर आधी ते शिका, दोन्ही एकदम शिकायला जाल तर चूक भाषेत आहे का स्ट्रक्चरमधे हेच कळत नाही. लॅपटॉप साधा चालतो, ग्राफिक्स कार्डवर पैसे घालवू नका.

एमटेकवाल्यांनी डोळे झाकून घ्यावं. रेट्रोफिटची कामं करणाऱ्यांनी, जुन्या शेडला नवीन क्रेन किंवा वरचा मजला येतोय अशांनी, एका माणसाला तरी हे शिकवून ठेवावं. नुसती पीईबी (कारखान्यात तयार करून साइटवर जोडलेली) शेड रॉड ब्रेसिंग लावून देणाऱ्यांना याची गरज नाही, रॉड दाबात काही घेतच नाही, तिथे हाताने हिशोब होतो.

मी अर्धा मार्क कापला तो फटीगच्या आकड्यांसाठी, आणि त्यात सॉफ्टवेअरपेक्षा आपल्याकडच्या डेटाचा दोष जास्त. कुणाच्या कॉलेजच्या लॅबमधे आयएस ४९२३ च्या पाइपवर सायक्लिक टेस्ट झाली असेल, निदान ८० ते १२० स्लेंडरनेसच्या मधली, तर रॉ डेटा द्या, मी कॅलिब्रेट करून स्क्रिप्टसकट परत पाठवतो.